कोठीघरातल्या बहिणी

पडदा वर जातो तेव्हा समोर एक चौकोनी अंगण दिसतं. उजवीकडे चिंचेचं झाड, डावीकडे धुरानं काळवंडलेलं स्वयंपाकघराचं दार आणि मागे लांबलचक कौलारू इमारत. इमारतीच्या माथ्यावर निळी पाटी, तीवर पांढरी अक्षरं : ‘सहोदर समाज – विधवा व अनाथ भगिनीगृह’. सांगलीहून हरिपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे घर. साल एकोणीसशे सेहेचाळीस, दिवस नवरात्राचे. जमिनीत खणलेल्या हळदीच्या पेवांकडून वारा आला की सगळं अंगण हळदीच्या वासानं भरून जायचं. समाजाचे निम्मे सभासद हळदीचे व्यापारी होते, आणि त्यांच्या आश्रयाला राहणाऱ्या बायकांना हळदीचं बोट लावायची बंदी होती. पण त्या गोष्टीचं तिथं कुणाला काही वाटत नसे.

अंगणात पात्रं उभी आहेत. मागच्या रांगेत उघड्या कपाळाच्या बायका, पुढे उंचीप्रमाणे मुलं. मधोमध उपरण्यानं मानेचा घाम पुसत फिरतात ते व्यवस्थापक आप्पासो. त्यांच्या पायाशी पत्र्याची पेटी उघडी पडलीय. नाटक कंपनीच्या पेटीत राजाचे अंगरखे असतात, जरीच्या टोप्या असतात. या पेटीत चिंध्या होत्या. मुलांचे रोजचे कपडे ठिगळांचे असले तरी धडके होते. देणगीदार यायचे म्हटलं की आप्पासो ते उतरवून ठेवत आणि पेटीतले फाटके सदरे मुलांच्या अंगावर चढवत.

“मनुबाई, खाली बघायचं. दात नाही काढायचे,” आप्पासो ओरडले. “आणि रडायचं नाही, पण आता रडाल असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे.”

“आवं, मग नक्की काय करायचं त्ये तरी सांगा,” मनुबाई म्हणाली. ती शिराळ्याकडची, तोंडानं फटकळ. “नाकात कांदा घालून हुबी ऱ्हाऊ का?”

रांगेत खसखस पिकली. आप्पासोंनी डोळे वटारले.

स्वयंपाकघराच्या दारात, पिठानं भरलेले हात तसेच अधांतरी धरून, धोंडुबाई हे सगळं बघत होती. काळी, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. पस्तिशीची असेल. ती चुलीतल्या राखेत पचकन थुंकली आणि पुन्हा काटवटीपाशी जाऊन बसली. या घरात आल्यापासून तिला ही खोड लागली होती. काही बघवलं नाही की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं, पण ते उलटी यायच्या आधी सुटतं तसलं.

धोंडुबाई विट्याच्या पूर्वेकडची, उघड्या माळावरची धनगरीण. तिचा नवरा केरबा मेंढरांत वाढला. जनावर कळतं म्हणून त्याला लढाईत खेचरांच्या पलटणीत घेतलं आणि ब्रह्मदेशात धाडलं. तिथून तो परतला नाही. पोटी मूल नव्हतं. घरच्यांनी धाकट्या दिराशी पाट लावायचं ठरवलं, तर ही म्हणाली, “त्येला म्या मांडीवर घिऊन चारलाय. त्येच्यासंगं पाट लावू व्हय?” आणि डोईवर गाठोडं घेऊन निघाली. पलटणीच्या एका हवालदारानं तिला या घराचा पत्ता सांगितला होता. पहिल्या दिवशी अध्यक्षांनी तिला ‘भगिनी’ म्हटलं, तेव्हा ती ओक्साबोक्शी रडली होती. माळावर तिला कुणी असलं काही म्हटलं नव्हतं.

ते रडू तिला पुढं लाजिरवाणं वाटू लागलं. सहोदर म्हणजे एका उदरातले, सख्खे. समाजाचे सभासद एकमेकांना ‘बंधू’ म्हणत, गळ्यात रेशमी पट्टा घालत, महिन्याला सभा भरवत. कुणा बंधूच्या घरी तेरावं झालं की उरलेलं अन्न दुसऱ्या दिवशी भगिनीगृहात येई. आंबलेली बासुंदी, बुरा चढू लागलेल्या पुऱ्या. मुलं पानावर बसायची, समोर देणगीदार खुर्च्या टाकून बसायचे आणि हात जोडून आभाराचं गाणं म्हटल्याखेरीज कुणी घासाला हात लावायचा नाही. पोरांचे डोळे पानाकडे, ओठ गाण्यात. एकदा धोंडुबाईनं नासलेली बासुंदी गुपचूप उकिरड्यावर ओतली. आप्पासोंनी तिला सगळ्यांदेखत उभं केलं : “दात्याच्या अन्नाला नावं ठेवते?”

“न्हाई ठिवलं नाव,” ती म्हणाली. “निसतं वतलं.”

आप्पासो जात्या वाईट नव्हते. तेही लहानपणी कुणाच्या तरी ओसरीवर वाढलेले. एखाद्या पोराला ताप आला तर उशाशी बसून राहत. पण देणाऱ्यापुढं वाकून वाकून त्यांचा कणाच तसा वळला होता. त्यांना सरळ उभं राहिलेलं माणूस बघवत नसे.

त्या दिवशी देणगीदारांत उंब्रजकडचे सयाजीराव होते. उसाचे मोठे बागायतदार, समाजाचे जुने बंधू. वय पन्नाशी ओलांडलेलं. दोन बायका गेलेल्या. तोंडात पानाचा तोबरा, ओठांच्या कोपऱ्यांतून लाल ओघळ, अंगाला कस्तुरीच्या अत्तराचा इतका दर्प की जवळून गेलेल्या माणसाला शिंक यावी. त्यांनी मुलांकडे बघितलंच नाही. आप्पासोंनी आतून सुलाला हाक मारली.

सुला चौदा वर्षांची. बाप लढाईत गेला, आई पटकीनं. स्वयंपाकघरात धोंडुबाईच्या हाताखाली भाकरी थापायला शिकलेली पोर. ती हात पुसत बाहेर आली.

“चार पावलं चालून दाखव,” सयाजीराव म्हणाले.

ती चालली.

“हात बघू.” त्यांनी तिचं मनगट धरलं, दाबलं, उलटसुलट केलं. “दळण जमतं? तोंड उघड. दात बरे आहेत.” आणि बाजूला वळून चिंचेच्या बुंध्यावर पिंक टाकली.

धोंडुबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती मेंढरांच्या बाजारात वाढली होती. गिऱ्हाईक मेंढीच्या पाठीवर शेपटीच्या वर हात दाबून बघतं, दात बघतं, चालवून बघतं, हे तिनं शंभरदा पाहिलं होतं. पण तिथं मेंढीला कुणी भगिनी म्हणत नव्हतं. ती मागे फिरली आणि न्हाणीत जाऊन खरोखरच ओकली.

संध्याकाळपर्यंत घरभर झालं. तुळशीची लग्नं झाली की सुलाचं सयाजीरावांशी लग्न. चौदावं सरलंय, कायद्याची अडचण नाही. चुलीपाशी सुला गुडघ्यांत डोकं घालून बसली होती.

“मावशी, त्या मानसाच्या अत्तराची घान अजून माज्या हाताला येतीया,” ती म्हणाली. “राकंनं घासला, तरी जाईना.”

“रडू नगं,” धोंडुबाई म्हणाली. “म्या बोलते आध्यक्षास्नी.”

सोमवारी अध्यक्ष लालासाहेब आले. गोरेपान, मिशांना मेण लावलेले, बोलणं मऊ. ओसरीवर खुर्चीत बसून ते दूध पीत होते. धोंडुबाई खांबाला धरून उभी राहिली.

“सायेब, पोर लय ल्हान हाय. त्यो बाबा तिच्या बापापरास थोरला.”

“धोंडुबाई, तुमच्या हातची आमटी मी बाहेरही वाखाणतो.”

“आमटीचं न्हाई म्हनत म्या. दोन बायका गेल्या त्येंच्या. कशानं गेल्या, इचारलं का कुनी?”

“अनाथ मुलीला घर मिळतंय. विहीर, बागायत, गडीमाणसं. सख्ख्या भावानं तरी बहिणीसाठी याहून जास्त काय केलं असतं?” त्यांनी मिशीला लागलेली साय बोटानं पुसली आणि प्रेमळ हसले. “तुम्हांला माया आहे, कळतं मला. पण चुलीजवळच्या माणसानं चुलीजवळ असावं.”

धोंडुबाईला वाटलं होतं, माणूस खोटं बोलत असेल. पण लालासाहेबांना ते सगळं खरंच वाटत होतं. खोटं बोलणाऱ्याला निदान पकडता येतं.

दिवाळी आली. भगिनीगृहात दिवाळीचा मोठा दिवस भाऊबीज. बाहेर कुठं विधवेच्या हातात कुणी निरांजन देत नसे. इथं मात्र सगळ्या विधवा बंधूंना ओवाळत. समाजाला त्याचा केवढा अभिमान! दरवर्षी छायाचित्रकार यायचा, गावातले वकील, मास्तर बघायला यायचे. पण ओवाळायला बसायच्या त्या फक्त विधवा आणि अगदी लहान मुली. वयात आलेल्या पोरी, यंदा सुलासकट चौघी, त्या दिवशी सकाळपासून कोठीघरात बंद असत. धोंडुबाईनं तीन वर्षं हे पाहिलं होतं, तिला वाटायचं परक्या पुरुषांसमोर नको म्हणून असेल.

करंज्या तळताना तिनं सहज विचारलं, “मनुबाई, आगं त्या पोरीस्नीच का कोंडत्यात? उलट त्यास्नी कुंकू लावायची मोकळीक हाय.”

मनुबाई हसली. “तू अगदीच माळावरली गं! आपल्यास्नी ह्ये मेले बायकू करून घेनार हायती व्हय? आपन ववाळलं तर कुनाचं काय जातंय? पन पोरीनं ववाळलं की त्यो भाऊ झाला तिचा. मग उंद्या त्येला नवरा कसा करायचा? पोरी राकून ठेवल्यात, बाई. माल कोठीत.”

झारा धोंडुबाईच्या हातातच राहिला. कढईतली करंजी करपली.

“आगं करपलं, करपलं!” मनुबाई ओरडली. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून आवाज उतरवला. “धोंडे, काय आलं गं तुज्या डोसक्यात? तुला हाकलत्याल हां.”

“कोटीची किल्ली माज्याच कमरंला हाय न्हवं?” धोंडुबाई म्हणाली.

किल्ली त्या दिवसांत तिच्याकडंच असायची. तूप, गूळ, फराळाचे डबे कोठीतच होते, आणि भाऊबिजेच्या गडबडीत सारखी ये-जा करायला आप्पासोंनीच ती तिच्या कमरेला दिली होती. स्वयंपाकीण पोरींना बाहेर काढील हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

भाऊबिजेच्या दुपारी अंगणात रांगोळ्या, त्यांत ओळीनं पाट, पाटांवर जरीच्या टोप्या घातलेले बंधू. गळ्यात रेशमी पट्टे. मधल्या पाटावर सयाजीराव, आणि त्यांच्या मागे घोंगडीवर त्यांची म्हातारी आत्या बनुबाई. ती नवरी बघायला म्हणून मुद्दाम आली होती. नऊवारी लुगड्यात काडीएवढी बाई, पण आवाज ढोलासारखा. छायाचित्रकार काळ्या कापडाखाली डोकं घालून तयार होता.

कोठीघराचं दार उघडून धोंडुबाई आत गेली. चारी पोरी जोंधळ्याच्या पोत्यांवर बसल्या होत्या. तिनं चार ताटं पुढे ठेवली. प्रत्येकात निरांजन, अक्षता, सुपारी, कुंकू.

“चला. ववाळायचंय.”

सुलाचा चेहरा पांढरा पडला. “मावशी, मारत्याल मला.”

“मारत्याल,” धोंडुबाई म्हणाली. “येक डाव मारत्याल. तिकडं गेलीस तर रोज हाय. बघ बाई तुजं तू. म्या ढकलनार न्हाई.”

सुलानं निरांजनाची वात सारखी केली. मग तिनं पदर खोचला आणि ताट उचललं.

त्या चौघी अंगणात आल्या तेव्हा आधी कुणाला काही समजलंच नाही. छायाचित्रकार उलट खूष झाला : “वा! मुलींना पुढं येऊ द्या, हां, अशा!” आप्पासोंच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथंच गोठलं. बाहेरची माणसं बसलेली, वकील, मास्तर. त्यांच्यासमोर कसं म्हणणार, की या पोरींनी ओवाळायचं नाही? का नाही, याचं उत्तर द्यावं लागलं असतं.

सुला सरळ मधल्या पाटापुढं जाऊन बसली.

“अरे, ही... आप्पासो! हे काय?” सयाजीराव गुडघ्यावर हात टेकून उठू लागले.

“बस खाली!” मागून बनुबाई कडाडली. “दिवा फुड्यात आल्यावर पाटावनं उटत्यात व्हय रं? आवदसा आटवली काय तुला?”

“आत्ये, आगं, पन ही तीच पोरगी...”

“बस म्हनते ना!”

ते बसले. निरांजन समोर आल्यावर पाटावरून उठायची छाती त्या भागात कुणाला नव्हती. सुलानं बोट कुंकवात बुडवलं. ते त्यांच्या कपाळावर टेकलं, अक्षता डोक्यावर पडल्या, सुपारी फिरली, दिवा तीनदा ओवाळला गेला. काळ्या कापडाखाली खट्ट झालं.

बनुबाई पुढे वाकली. पोरीचा चेहरा, भाच्याचा चेहरा, दोन्ही नीट न्याहाळले. तिनं ओळखलं.

“हीच ती?”

“व्हय की! तेच सांगतोय कवाधरनं!”

“मंग झालं. भईन झाली ती तुजी. टाक ताटात काय आसंल त्ये.”

“आत्ये, निसता दिवा तर फिरवलाय...”

“निसता दिवा? चार मानसांत कुंकू लावून घेतलंस, आन् आता तिला घरात आननार? भावकी दारात हुबी करंल का तुला?” मग ती बोळक्या तोंडानं हसली, अगदी सहज. “त्यात काय येवडं? तितं आनकी तिगी हायत्या. त्यातली बगू येकादी.”

दारात उभ्या धोंडुबाईनं ते ऐकलं. क्षणभरापूर्वी तिला वाटलं होतं की जिंकलो. आता तिच्या तोंडाला पुन्हा तेच पाणी सुटलं. तिला वाटलं होतं, म्हातारी बाईमाणूस आहे, तिला पोरीची दया आली. म्हातारीला फक्त रीत मोडायची नव्हती.

ती अंगणात उतरली. भरल्या सभेत, पिठाच्या हातानं, मोठ्यांदा म्हणाली, “पोरीनू, बगताय काय? सयाजीदादास्नी तुमीबी ववाळा. मोटे दादा हायती आपलं. मंग बाकीच्या दादास्नी. येकबी सोडू नगा.”

विधवांच्या रांगेतून मनुबाईचा आवाज आला : “व्हय व्हय! सख्खंच हायत की! येका पोटातलं!”

वकील-मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रमातच आहे हे. सयाजीरावांच्या कपाळावर एकावर एक चार बोटं कुंकू चढलं, घामानं ओघळून नाकावर आलं, पानाच्या ओघळात मिसळलं. मग त्या पोरी ओळीनं सगळ्यांना ओवाळत गेल्या. कुणी बंधू उठला नाही. लालासाहेबांनीही कपाळ पुढे केलं आणि हसतमुखानं ताटात ओवाळणी टाकली. ते हसू धोंडुबाईला शेवटपर्यंत विसरता आलं नाही.

पाहुणे पांगल्यावर तिचं गाठोडं बाहेर आलं. लालासाहेब मऊच बोलले : “चूक झाली, अडाणीपणानं झाली, एवढं म्हणा. भटजींकडून काहीतरी शांत करून घेऊ. झालेलं पुसता येतं. तुमची चूल तुमचीच राहील.” ती चूल सोडली तर तिला जगभरात छप्पर नव्हतं, आणि तिथं उभ्या सगळ्यांना ते माहीत होतं.

“पुसायचं कशाला? आडानी हाय, पन चुकून न्हाई केलं म्या,” ती म्हणाली आणि गाठोडं उचलून फाटकाबाहेर पडली.

पुढची हकिगत फार गोड नाही. सयाजीरावांनी माघात लग्न केलं. दूरच्या गावातल्या दुसऱ्याच एका अनाथगृहातून पोर आणली. ती सुलाहून लहान होती म्हणतात. धोंडुबाईला हे कळलं तेव्हा दोन दिवस तिला अन्न गेलं नाही. “म्या हितलं दार उगाडलं,” ती मनुबाईला म्हणाली, “पन दारं किती हायती गं असली?”

मनुबाई अधूनमधून हरिपुरात तिला भेटायला येई. धोंडुबाई तिथं हळद शिजवायच्या कढयांवर काम करू लागली होती. बोटं, नखं, टाचा, सगळी पिवळी. रस्त्यात बायका बघून नाकं मुरडत : विधवा बाई आणि अंगभर हळद! तिला त्याची मजा वाटे. इकडे भगिनीगृहात त्या चार पोरींना कुणी बंधू मागू शकला नाही. सुलाला मार बसला, उपास घडले. पण दीड वर्षानं माधवनगरच्या गिरणीतल्या अर्जुना नावाच्या तरण्या जॉबरशी, म्हणजे कामगारांच्या मुकादमाशी, तिचं लग्न लागलं. त्यानं तिला चालवून पाहिलं नाही. इतका लाजला, की तिच्याकडे बघितलंच नाही.

एकोणपन्नासच्या पावसाळ्यानंतर धोंडुबाईच्या पोटात गाठ झाली. सुलानं तिला आपल्या खोलीत आणून ठेवलं. एक खोली, एक पडवी, पाळण्यात मूल. धोंडुबाई वाळून काठी झाली होती. गाठ फुटून झालेल्या जखमेला वास येई, पण सुला आणि अर्जुना तिथंच जेवत, तिथंच झोपत.

एके सकाळी दारात आप्पासो येऊन उभे राहिले. थकलेले, पुढच्या दोन दातांची जागा रिकामी. खोलीतला वास आला तसं त्यांनी उपरणं नाकाला लावलं. समाजानं ठराव केला होता, ते म्हणाले. धोंडुबाई ही गृहाची जुनी भगिनी. जुनं सगळं विसरून तिचं पुढचं सगळं, अगदी शेवटचं कार्यसुद्धा, समाज करील. बेवारस म्हणून जाऊ देणार नाही. गाडी आणलीय, आत्ता न्यायला तयार आहोत.

सुला अंथरुणापाशी वाकली. “मावशी, आयकलंस का? त्येस्नी काय सांगू?”

धोंडुबाईनं डोळे उघडले. दाराकडे पाहिलं, उपरण्याआडच्या त्या नाकाकडे पाहिलं. मग सुलाकडे वळून, सावकाश पण स्पष्ट म्हणाली :

“सांग, मला मानसं हायती. आन् दार लाव गं आदी. भायेरनं लय घान येतीया.”